एक पूर्णांक चार सेकंद

काचेच्या खोलीत बसलेला म्हातारा बटण दाबतो. त्याच्या हेडफोनमध्ये काहीच वाजलेलं नाही.

हिरवा मफलर बादलीत गार पाण्यात भिजतोय. संघ जिंकला त्या दिवसापासून तो धुतला नव्हता. मग सलग चार सामने हरले, तेव्हा बादलीत पडला.

उजव्या अंगठ्याचं नख दर शनिवारी कापायचं, अगदी मुळापर्यंत.

कान म्हातारा होतो तो वरच्या पट्टीकडून. आधी बारीक, चिरके आवाज जातात: पाखरं, शिट्ट्या, नातवंडांची कुजबुज. जाड आवाज शेवटपर्यंत साथ देतात.

"हो म्हण. एवढंच तर म्हणायचंय."

टप्पा. लाकडावर चेंडूचा एकच टप्पा.

हे सगळं एकाच बाईच्या वाट्याला आलं. ते कसं, ते ऐका.

१०:००

शेवटच्या सामन्याचा शेवटचा डाव सुरू होतोय. दहा मिनिटं उरलीत आणि हिरवे सहा गुणांनी मागे आहेत.

बास्केटबॉलच्या मैदानाच्या कडेला लांबलचक टेबल आहे. त्यावर काळी पेटी, पेटीवर दोन बटणं. हिरवं दाबलं की घड्याळ चालू, लाल दाबलं की बंद. त्या पेटीमागे ती बसली आहे. वय त्रेचाळीस, अंगात राखाडी शर्ट, चेहरा इस्त्री केल्यासारखा. आठवडाभर ती दवाखान्यात लोकांचे कान तपासते आणि सामन्याच्या दिवशी इथे घड्याळ चालवते. टेबलावरचे तिला घड्याळबाई म्हणतात.

टेबलाचा नियम साधा आहे. इथे बसणाऱ्याने टाळी वाजवायची नाही, ओरडायचं नाही, हळहळायचंही नाही. आणि बाई तर नवव्या वर्षापासून हिरव्यांची. तिला संघातल्या प्रत्येकाचा जोडा किती नंबरचा तेसुद्धा ठाऊक. सामना अटीतटीचा झाला की ती टेबलाखाली पायाची बोटं आवळते. हंगाम संपेपर्यंत तिच्या डाव्या बुटाचं अस्तर फाटलेलं असतं.

शेजारी गुणलेखक. निवृत्त गणिताचे शिक्षक, म्हणून मास्तर. शाईच्या पेनाने लिहितात आणि खाडाखोड झाली की दोन दिवस जेवत नाहीत, असं त्यांची बायको सांगते.

"घड्याळबाई, बोटं आवळू नकोस, टेबल हलतंय. माझा आठ बघ कसा आलाय."

"तुमचा आठ नेहमीच तसा येतो, मास्तर."

मागे जरा उजवीकडे, चौथ्या रांगेत, वाटेकडेच्या खुर्चीवर बाबा. तिचे वडील. वय अठ्ठ्याहत्तर. गळ्यात धुतलेला मफलर, अजून थोडा ओला.

७:१२

हंगाम असा गेला. पहिले तीन सामने जिंकले, तेव्हा बाबांनी रिक्षावाल्यापासून शेजारणीपर्यंत सगळ्यांना सांगितलं की यंदा वरच्या चारात. मग प्रशिक्षकाचं आणि कप्तानाचं फाटलं. मग अकरा नंबरचा गुडघा गेला. मग सात पराभव एकामागोमाग. त्यात एक असा, की बाबा घरी येऊन जोडे न काढता तासभर पलंगावर बसून होते. मग नवीन प्रशिक्षक. दोन विजय. मग एक सामना, जो आघाडीवर असताना अखेरच्या मिनिटात घालवला. त्याबद्दल घरात अजून बोलायचं नाही, असं ठरलंय. असे तेहतीस झाले. नऊ जिंकले, चोवीस हरले.

आज चौतिसावा. समोर निळे. गुणतक्त्यात दोघं सारखे. जो हरेल तो खालच्या गटात जाईल.

"जाऊ दे गेले तर," काल ती म्हणाली होती. "परत येतील वर."

"सरासरी सहा वर्षं लागतात," बाबा म्हणाले. त्यांनी वहीत काढून ठेवलं होतं. "अठ्ठ्याहत्तर आणि सहा किती होतात ते मास्तरांना विचार."

"तुम्ही काय इतक्यात जात नाही."

"मी म्हणत नाही जातो म्हणून. मी म्हणतो, कोण मला सहा वर्षं धरून ठेवतंय ते सांग. त्याच्याकडून लिहून घेऊ."

४:४०

दोन गुणांनी मागे. ढोल वाजतायत. सात नंबर घाम पुसायला टेबलाजवळ येतो आणि तिचीच पाण्याची बाटली उचलून पितो. ती बघत नाही. बघितलं तर हसू येईल आणि हसायला मनाई आहे.

दवाखान्यात काचेची खोली आहे. आत माणूस बसतो, कानाला हेडफोन, हातात बटण. बाहेरून ती सूर सोडते. ऐकू आला की दाबायचं. एवढंच काम, पण तिथे ती माणसं ओळखायला शिकली. काही घाईवाले असतात. पास व्हायचंय म्हणून सूर यायच्या आधीच दाबतात. काही खात्रीवाले. ऐकू येतं, पण पक्कं होईपर्यंत थांबतात. आणि काही बनेल. ऐकू येऊनही दाबत नाहीत, कारण त्यांना बहिरेपणाचा दाखला हवा असतो.

बाबा घाईवाले. हंगामाआधी तिने त्यांना खोलीत बसवलं, तेव्हा ती सूर न सोडता नुसती थांबून राहिली. आत बाबांनी सात वेळा बटण दाबलं आणि काचेतून विजयी चेहऱ्याने बघितलं.

"बघ. पोपटासारखे आहेत कान."

"बाबा, मी काही वाजवलंच नव्हतं."

"मग तुझं मशीन बिघडलंय."

कानात यंत्र घालायचा विषय तिथेच संपला.

पण त्यांना शिट्टी ऐकू येत नव्हती. हे तिला हिवाळ्यातल्या एका सामन्यात कळलं. खेळ थांबला की सगळ्यांच्या माना पंचांकडे वळायच्या, बाबांची तिच्याकडे. घरी येताना तिने विचारलं, "तुम्ही सामना बघता की मला?"

"तुझा अंगठा," बाबा म्हणाले. "तो खाली गेला की समजतो, सुरू झालं. तू शिट्टीपेक्षा बरी आहेस. चुकत नाहीस."

१:०५

बरोबरी. सबंध हॉल उभा.

निळ्यांच्या बाकामागे त्यांचेही लोक आलेत, पन्नास-साठ असतील. त्यातली एक बाई सामना सुरू झाल्यापासून ओढणीचं टोक चावतेय. घड्याळबाईला तिच्याकडे बघवत नाही. तीही कुणाच्या तरी चौथ्या रांगेतली असणार.

निळ्यांचा फटका. आत. दोनने मागे. मग हिरव्यांना दोन मोफत फटके. पहिला आत. दुसरा कडीवर आपटून बाहेर. मास्तर पेन उचलतात, थांबतात, लिहितात. अठ्ठ्याहत्तर-सत्त्याहत्तर. एकने मागे. निळ्यांच्या हातून चेंडू पलीकडच्या रेषेबाहेर जातो. शिट्टी. लाल बटण.

फळ्यावर १.४.

१.४

चेंडू हिरव्यांचा. मैदानाच्या पलीकडच्या कडेवरून आत फेकायचा. नियम पोरांनाही पाठ असतो: आत असलेल्या कुठल्याही खेळाडूच्या हाताला चेंडू लागला की घड्याळ सुरू. त्याच क्षणी, त्याआधी नाही आणि नंतर नाही. मधे जी पापणी लवण्याइतकी फट राहते ती प्रत्येक घड्याळवाल्याची असते. तिचीही आहे. दोन्ही संघांना सारखीच मिळते, म्हणून कुणी तक्रार करत नाही.

अंगठा हिरव्या बटणावर. नख कापलेलं.

ढोल थांबले. इतकी शांतता, की वरच्या दिव्यांची गुणगुण ऐकू यावी.

चेंडू सुटला. सात नंबर पुढे धावला आणि त्याने तो दोन्ही हातांनी घेतला. पाठ टेबलाकडे. पाठीवरचा सात घामाने काळा पडलेला. ती त्या सातकडे बघत होती. तिने नवव्या वर्षी पाहिलेल्या सातकडे, मधल्या चार-पाच सातांकडे, आणि बाबांच्या वहीतल्या सहा वर्षांकडे.

तो वळला.

टप्पा. लाकडावर चेंडूचा एकच टप्पा.

अंगठा खाली गेला.

तो उडाला, चेंडू हातातून सुटला, भोंगा वाजला, आणि चेंडू जाळीतून असा आला जसा उशीच्या अभ्र्यातून हात यावा.

०:००

लोक मैदानात उतरले. ढोलवाला ढोल टाकून नाचत होता. निळ्यांचा प्रशिक्षक टेबलावर दोन्ही तळवे आपटत होता. "पकडला, वळला, टप्पा दिला, उडाला! एक पूर्णांक चारमध्ये? करून दाखवा मला कुणीतरी. कुणीही!"

मोठे पंच आले. उंच, टक्कल, वीस वर्षांची ओळख. पुन्हा बघायचे कॅमेरे या हॉलमध्ये नव्हते. त्यांनी प्रशिक्षकाला हाताने मागे सारलं आणि टेबलावर वाकले.

"मॅडम, भोंग्याआधी चेंडू हातातून सुटला होता, ते मी पाहिलंय. माझा प्रश्न वेगळा आहे. घड्याळ पकडल्याबरोबर सुरू केलंत?"

मास्तरांनी पेनाचं टोपण लावलं. ओठ न हलवता म्हणाले, "हो म्हण. एवढंच तर म्हणायचंय."

तिच्याजवळ उत्तर होतं. टप्पा तिने ऐकला होता, आणि ऐकल्यावर दाबलं होतं. अगदी काचेच्या खोलीतल्या माणसासारखं. पण ती घाईवाली नव्हती आणि खात्रीवालीही नव्हती. तिसरी जात कोणती, ते तिच्याइतकं कुणाला माहीत. मुद्दाम थांबली का? नाही. नाही म्हणता येईल का? तेही नाही. अंगठ्याला कुणी विचारत नाही.

तिने मागे पाहिलं.

चौथी रांग सगळी उभी होती, एकमेकांच्या गळ्यात पडत होती. एकटे बाबा बसलेले. शेजारचा त्यांना हलवत होता, "आजोबा, वाचलो ना!" बाबा त्याच्याकडे बघत नव्हते. ते तिच्या हाताकडे बघत होते, बटणावरच्या अंगठ्याकडे. मग नजर वर आली, तिच्या नजरेला भिडली, आणि तिथून हलली. त्यांनी मान खाली घातली आणि मफलरची घडी घालू लागले. फार काळजीपूर्वक, कडेला कड जुळवून.

सबंध हंगामात बाबांनी तिच्यावरून नजर काढून घेतल्याचं तिला आठवेना.

"मॅडम?"

"नाही," ती म्हणाली. "टप्पा पडल्यावर दाबलं."

"नक्की?"

"टप्पा ऐकला. मग दाबलं."

पंचांनी एकदा टकलावरून हात फिरवला. टप्प्याच्या आधीचा वेळ आणि नंतरचा वेळ, बेरीज त्यांनाही येत होती. ते सरळ झाले आणि दोन्ही हात आडवे हलवले. गुण रद्द.

आधी कुणाला समजलंच नाही. मग समजलं. निळ्यांची ती ओढणीवाली बाई खाली बसून रडायला लागली. सात नंबर तिथेच उभा, हात अजून वरच. हिरव्यांच्या बाजूने पहिल्यांदा एक पाण्याची बाटली आली, मग बऱ्याच आल्या. मास्तरांनी टोपण काढलं. अठ्ठ्याहत्तर-सत्त्याहत्तर त्यांनी आधीच लिहिलेलं होतं. त्याच्याखाली रेघ ओढली. खाडाखोड झाली नाही.

"घड्याळबाई," ते म्हणाले, "पुढच्या हंगामात तुझ्या जागी ते पांढऱ्या मोज्यांचं येडं बसवतील. मला त्याच्याशेजारी बसावं लागेल. याचा विचार केलास?"

"नाही केला, मास्तर."

"दिसतंच आहे."

तिला मागच्या दाराने बाहेर काढलं. सुरक्षावाला सबंध बोळभर सोबत चालला. दाराशी पोचल्यावर म्हणाला, "ताई, मीपण हिरव्यांचाच," आणि दार जरा जोरातच लावलं.

बाहेर अजून ऊन होतं. बाबा बस थांब्यावर उभे होते, मफलर पिशवीत.

"बाबा, तुम्ही पाहिलं होतं."

"आज माझ्याशी बोलू नकोस."

"बरं."

बस आली. त्यांनी खिडकी घेतली, तिने वाटेकडेची जागा. मागच्या बाकावर हिरव्या शर्टातली दोघं बसली होती. "त्या घड्याळवालीला निळ्यांनी नोकरी दिली असेल," एक म्हणाला. "तीच ना ती, कान तपासणारी? तिचेच तपासा," दुसरा म्हणाला, आणि दोघं हसले, मग हसायचे थांबले, कारण हसण्यासारखं काही नव्हतं. तिने उजवा हात खिशात घातला.

बाबांना ते ऐकू आलं नाही. आलं असेल तर त्यांनी दाखवलं नाही. सहा थांबे ते बाहेर बघत राहिले. दुकानं गेली, शाळेची भिंत गेली, पूल गेला.

"मी अजून रागावलेलोच आहे," ते म्हणाले.

"हो."

"सहा वर्षं म्हणजे किती, हे तुला माहीत नाही."

बस वळणावर कलली, तसं त्यांनी पुढच्या बाकाची दांडी धरली.

"बुधवारी मला त्या काचेच्या खोलीत बसव," ते खिडकीकडे बघतच म्हणाले. "वाजवशील तेव्हाच दाबीन. काय निघायचं ते निघू दे."

"दहा वाजता या."

"साडेनऊला येतो. मला घाई असते, तुला माहीत आहे."

मग त्यांनी पिशवीतून मफलर काढला, उकलला, आणि गळ्यात घातला. अजून ओलाच होता.

ती नऊ वर्षांची असताना बाबांनी तिला पहिल्यांदा सामन्याला नेलं. हिरवे एक्केचाळीस गुणांनी हरले होते.