काळ्या कापडाखालचा मंत्र

गुरुवार असला की पोशेऱ्याच्या माळावर पाय ठेवायला जागा नसायची. मोखाड्याहून, जव्हारहून जीपा भरभरून यायच्या, टपावरसुद्धा माणसं. देवाला निघालेत म्हणावं, तर नारळ कुणाच्याच हातात नसे. सगळ्यांच्या हातात मोबाईल. मांडवात जगनबापू बसलेला असायचा. भगवी लुंगी, कपाळभर शेंदूर, समोर तांदळानं भरलेलं सूप.

आज दाभोशाचा नवसू पुढं होता. लेकीच्या लग्नातल्या नाचाचा व्हिडिओ त्याच्या हातून चुकून पुसला गेला होता.

"पुसला म्हंजे मेला काय रं?" बापूनं मांडवाला ऐकू जाईल असं विचारलं. "माणूस मरतो, आत्मा उरतो. व्हिडिओलाबी आत्मा असतो! तो वर टावरला लटकून ऱ्हातो. मी त्याला मंत्रानं खाली वढतो. कुलूप काढलंस का? देवाला कुलूप चालत नाय."

नवसूनं लॉक उघडून फोन दिला. बापूनं तो तांदळावर ठेवला, सुपावर काळं कापड पांघरलं आणि स्वतःचं डोकंही आत घातलं. 'ओम फट्, हुं फट्' सुरू झालं. थोड्या वेळानं घामानं डबडबलेलं डोकं बाहेर आलं, मागोमाग फोन आला, आणि फोनमध्ये नवसूची लेक तारप्याच्या तालावर नाचत होती! नवसूनं पायांवर लोळण घेतली. मांडव जयजयकारानं दणाणला.

मागं खांबाला टेकून उभ्या असलेल्या रविनानं हात जोडले नाहीत. जव्हारला नर्स होती ती. याच माणसानं तिच्या आईला भुताळी, म्हणजे चेटकीण, ठरवलं होतं.

रविनाचा भाऊ दिपेश गेल्या वर्षी वसईला बांधकामावर पडून गेला. घरात त्याची बोलती-चालती अशी एकच खूण उरली होती. जामसर गावातल्या आपल्या घराच्या अंगणात बसून नागलीची भाकरी खाता खाता तो आईची चेष्टा करतोय, असा एक व्हिडिओ. फोनमध्ये जागा उरली नाही म्हणून त्याची बायको पुतळी एका दुपारी नको ते पुसायला बसली. ढीगभर पुसलं, त्यात हाही गेला. रडत रडत ती बापूकडं आली. बापूनं तिचा फोन दुपारभर आतल्या खोलीत 'देवाजवळ' ठेवला आणि बाहेर येऊन सगळ्यांदेखत सांगितलं, "ह्याला घरातल्या भुताळीनं गिळलाय. पांढऱ्या केसांची हाय. आधी पोरगा खाल्लान, आता त्याची सावली खाल्लीन. ती घरात हाय तवर व्हिडिओ यायचा नाय."

पांढऱ्या केसांची घरात एकच होती, सासू रामी.

पुतळी घरी पोचायच्या आधी बातमी जामसरला पोचली. रामीच्या हातचं पाणी कुणी घेईना. शेजारणी तिला बघितलं की पोरांना आत ओढू लागल्या. पुतळीनं तिचं अंथरूण गोठ्यात नेऊन टाकलं. रविना कळल्याबरोबर धावत आली, तर म्हातारी बैलाशेजारी गुडघ्यांत डोकं घालून बसलेली.

"रविने, मीच खाल्ला का गं माज्या दिप्याला?"

बापूचं खोटं ऐकून ऐकून आईला स्वतःवरच शंका यायला लागली होती.

ती तशीच घरात गेली. "वहिनी, फोन दे."

फोनमधलं चित्र पुसलं तरी बहुतेक फोनांत ते लगेच नाहीसं होत नाही. गॅलरीतच एक कचऱ्याची टोपली असते, तिच्यात ते महिनाभर पडून राहतं. हवं असेल तर बोट दाबून परत आणायचं. रविनाला हे ठाऊक होतं. पुतळीनं पुसून तर जेमतेम आठवडा झाला होता, म्हणजे टोपली गच्च भरलेली असायला हवी. तिनं उघडली. आत काहीच नव्हतं.

"वहिनी, ही टोपली तू रिकामी केलीस?"

"कसली टोपली?" पुतळीनं विचारलं.

आता प्रश्नच उरला नव्हता. फोन दुसऱ्या कुणाच्या हातात गेला होता, ते सगळ्या गावाला माहीत होतं.

म्हणून आज रविना पोशेऱ्याला आली होती, पुतळीला ओढत घेऊन. पोशेऱ्याचे पोलीस पाटील धोंडी यांना तिनं आधीच गाठून सांगितलं होतं, "काका, फक्त पुढं बसा. बाकी मी बघते." ते कुरकुरले, लोक मारतील म्हणाले, पण बसले.

नवसू उठल्यावर ती पुढं झाली. आपल्या शेळीचा एक व्हिडिओ पुसला गेलाय, असं तिनं सांगितलं. बापूनं तिला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं. तिनं फोनमध्ये दोनदा बोट लावलं आणि उघडा फोन त्याच्या हातात दिला.

कापड पडलं. मंत्र सुरू झाला. नवसूच्या वेळेपेक्षा या वेळी तो बराच लांबला. मग घामेजलेलं डोकं वर आलं. "घे, आली तुजी शेळी!"

"आली खरी," रविना म्हणाली. "आता तुमचा मंत्र सगळ्यांना दाखवते."

फोन देण्याआधी तिनं त्यात पडद्यावर जे जे होईल त्याचं चित्रण सुरू करून ठेवलं होतं, आवाजासकट. तिनं फोन पाटलांसमोर धरला. बाया-माणसं खांद्यावरून वाकली. बापूचा आवाज आला, 'ओम फट्'. पडद्यावर गॅलरी उघडली. 'हुं फट्'. टोपली उघडली, शेळीवर बोट पडलं, शेळी परत आली. झाला चमत्कार.

पण मंत्र थांबला नव्हता. पडद्यावर रविनाचे फोटो सरकायला लागले. दाभोशाच्या धबधब्यावर मैत्रिणींसोबत भिजलेला एक आला, तिथं बोट थांबलं. फोटो मोठा झाला, आणखी मोठा झाला. वरून 'ओम, ओम' चालूच. मग तो फोटो दुसऱ्या एका फोनला पाठवला गेला, आणि पडद्यावर त्या फोनचं नाव उमटलं: जगन.

गर्दीत कमू नावाची एक नवी सून होती. "माजाबी फोन दुपारभर आत होता," एवढंच म्हणाली आणि पदरात तोंड लपवलं. मग एकेक बाई एकमेकींकडं बघायला लागली.

"यंत्राची माया हाय ही!" बापू ओरडला आणि मागच्या बाजूनं निसटायला गेला. त्याची लुंगी नवसूनंच धरली. पाटलांनी त्याच्या कमरेचा फोन काढून घेतला. पोरं तो उघडायला सरसावली, तेव्हा रविना कडाडली, "खबरदार! आपल्याच घरच्या बाया आहेत त्याच्यात. तो पोलीसच बघतील."

मोखाड्याहून पोलीस आले. पुढं कळलं, हा जगन भिवंडीत मोबाईलच्या दुकानात कामाला होता. ज्यांच्या पुसण्याला महिना उलटलेला असे, त्यांना 'आत्मा पार गेला' म्हणून वाटेला लावायचा. आणि जिचं रडणं मोठं असेल, तिचं चित्र आपल्या फोनात घेऊन तिच्या फोनमधलं कायमचं पुसून टाकायचा, म्हणजे ती पुन्हा पुन्हा त्याच्या दारात येणार. दिपेशचा व्हिडिओ त्याच्याकडंच निघाला. मेलेल्या पोराला खिशात घालून हा माणूस त्या पोराच्या आईवर बोट दाखवत होता. थुंकायचं तरी कुठं, असं रविनाला झालं.

ओळख पटवायला पुतळी आणि रामी दोघी पोलिसांकडं गेल्या. दिपेश हसला, भाकरी मोडली, "आये, मीठ इसरलीस," म्हणाला. रामीनं पडद्यावर हात ठेवला. पुतळी तिच्या पायांशी वाकली.

"आते, चुकला माजा. अंथरूण आत आणते."

"आण," रामी म्हणाली. "पर शेजारणींना तू सांगायचास. त्यांच्या दारात जाऊन सांगायचास."

दुसऱ्या दिवशी पुतळी दारोदार गेली. रविना सोबत होती. प्रत्येक घरी पुतळीनं आपली चूक कबूल केली, मग रविनानं फोनमधली टोपली उघडून दाखवली आणि सांगितलं, "एखाद्या बाईला भुताळी म्हणणं गुन्हा आहे, मग ते बापू म्हणो की तुम्ही. फोनमध्ये आत्मा नसतो. काही पुसलं गेलं तर आधी इथं बघा, नाही सापडलं तर जाणत्याला विचारा. आणि तुमची वस्तू घेऊन जो झाकून काही करतो, तो देवाचा माणूस असो की आणखी कुणी, त्याला तोंडावर सांगा, कापड काढ."