साहेबाच्या कोटातली माती

मी एक जुना निळा कोट. मुक्काम शुक्रवार पेठ, महादेवप्पांचं नाटकाच्या कपड्यांचं दुकान. मित्रांनो, मला शिवलं बँडवाल्यांसाठी, पण सगळी हयात गेली गोऱ्या साहेबाचं काम करण्यात. शाळाशाळांच्या स्नेहसंमेलनात हुतात्म्यांवर गोळ्या झाडायला मीच. मी दिसलो की पोरं हुर्यो उडवतात. माझा उजवा खिसा पिस्तुलानं फाटला. पण नळी भोकातून खाली छान उतरते, म्हणून महादेवप्पांनी तो शिवलाच नाही.

यंदा मला सातवीतल्या दानेश्वरीनं नेलं. ती फ्रान्सच्या एका सेनापतीचं काम करणार होती. हा गडी एकोणिसाव्या वर्षी, राजाची मनाई मोडून, अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी समुद्र ओलांडून गेला. पायात गोळी घेतली, पुढे परक्या तुरुंगात पाच वर्षं काढली. म्हातारपणी आपल्या थडग्यावर घालायला त्यानं अमेरिकेची माती आणून ठेवली होती.

"अव्वा, पोरं मला साहेबच समजतील की," मला अंगात घालताना दानेश्वरी म्हणाली.

"समजू देत की. शेवटी ही माती काढून दाखव, गप बसत्यात बग," तिची आई मल्लव्वा म्हणाली. गावाकडची, दुधनीच्या रानातली काळी माती तिनं नेमकी त्याच फाटक्या खिशात ओतली.

बाई, डाव्या खिशात घाला हो, मी आतल्या आत म्हणत होतो. कोटाचं कोण ऐकतं?

पडदा उघडला आणि हुर्यो झालीच. दानेश्वरी तशीच बोलू लागली. ती चालेल तशी माती भोकातून अस्तरात उतरत होती. माझा जीव टांगणीला लागला. खालची शिवण उसवली असती तर पोरीचं भर सभेत हसं झालं असतं. लढाई झाली, तुरुंग झाला, मी आपला शिवण धरून होतो.

शेवटी तिनं खिशात हात घातला. खिसा रिकामा. तिच्या पाठीला फुटलेला घाम मला लागला.

"साहेब, पिस्तूल काढा की," मागून कुणीतरी ओरडलं.

तिनं भोकातून कोपरापर्यंत हात घातला आणि अस्तराच्या तळातून मूठ भरून वर काढली.

"ही त्या देशाची माती," ती म्हणाली. "मी गेल्यावर माझ्यावर हीच घाला."

सगळे गप्प झाले. मी अंगावर असताना असं कधी झालं नव्हतं.

आता मी परत खुंटीवर आहे. मित्रांनो, जुन्या कपड्याला वेळेवर चार टाके घाला, एवढंच मागणं. माझाही खिसा शिवा. पण अस्तराच्या तळाशी चिमूटभर माती उरली आहे, ती झटकू नका. परवा मला पुन्हा साहेब व्हायचं आहे.