वाटणीच्या गोळ्या

"कुनाला सांगू नको," म्हणत सीताराम चुलीपाशी वाकला. "माजा परसाकडचा काळा झालाय. डांबरासारा."

जमुना तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं या विषयावर तिच्याशी कधी तोंड उघडलं नव्हतं. म्हणजे माणूस खरोखरच घाबरला होता.

"कवापास्नं?"

"वीस-बावीस दिस झाले. चंद्रमोहनला सांगू नको, हसंल मेला."

चंद्रमोहन हसण्याच्या स्थितीत नव्हताच. दुसऱ्या दिवशी ऊस तोडून आला, कोयता कुडात खोचला आणि आईला गोठ्यामागं घेऊन गेला. तिथंही तेच. काळा, डांबरासारखा, आणि "बाबाला सांगू नको." संध्याकाळी सहा वर्षांच्या नातीनं, देवकीनं, कसलीच लाज न बाळगता अंगणातून ओरडून सांगितलं की तिचा पण काळा होतो, आणि शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात त्याचं वर्णनही केलं. उरली सून. कामिनीला सातवा महिना होता. जमुनानं विचारलं तेव्हा ती मान खाली घालून म्हणाली, "थोडा थोडा, आये."

घरात माणसं पाच. चौघांना लागलं होतं, जमुनाला नाही.

बों अक्योय गावात अशा गोष्टीला एकच नाव होतं. लोंगानिस. कुणीतरी करणी केली होती. सीतारामनं लगेच भावजयीचं नाव घेतलं, कारण गेल्या वर्षी गणपतीत तिला मोदक कमी पडले होते म्हणे. चंद्रमोहन म्हणाला, गोठ्यापाशी माती उकरलेली दिसतेय, लिंबू पुरलं असणार. बापलेकांनी अर्धी सकाळ खणण्यात घालवली. सापडलं काय, तर एक फुटकी बाटली आणि उंदराचं बीळ.

घाम पुसत सीताराम म्हणाला, "पन मी म्हनतो, तुलाच कसा नाय लागला?"

"म्हंजे?"

"म्हंजे काय नाय. विचारला."

"चाळीस वर्सं तुमचा रांधते मी. मारायचा असता तर येवढा उशीर केला असता?"

सीतारामनं कुदळ उचलली. तो पुन्हा खणायला लागला.

जमुनाची गावात ख्याती होती ती वाढण्याबद्दल. लग्नात, बारशात, गणपतीत तिच्या हाती पळी दिली की घरधनी निश्चिंत होई. शंभर पानं उठोत की दीडशे, पहिल्याला जेवढं तेवढंच शेवटच्याला. घरातही तिची वाटणी पक्की होती. मासळीचा मधला तुकडा उसात राबणाऱ्याला. मऊ भात आणि वरची आमटी म्हाताऱ्याला. दुधावरची साय लहानीला. सुनेला डोकं, शेपटी आणि रस्सा. आणि तिला स्वतःला? भांड्याला लागलेली खरवड, राहिली तर. जो ओझं ओढतो त्याला चारा, एवढाच हिशेब. तिच्या आईनं तिला तसं वाढलं होतं, सासूनं तसंच वाढलं होतं, आणि कोकणातून जहाजात बसून या बेटावर ऊस तोडायला आलेल्या आजीनं बराकीतल्या चुलीवर तसंच वाढलं असणार. यात अन्याय आहे असं तिला कुणी सांगितलं असतं, तर तिला वाटलं असतं की समोरच्याला ताप आलाय. एस्टेटच्या काट्यावर ऊस पौंडापौंडानं तोलला जाई आणि तोडणाऱ्यांचे दंड मुकादम डोळ्यांनी तोलत असे. त्यांच्या बायका तोलून बघाव्यात असं ना कधी एस्टेटला वाटलं, ना त्या बायकांच्या नवऱ्यांना.

बुधवारी डिस्पेन्सरीत नर्स यायची. विद्यावती तिचं नाव, रोझ हिल शहरातल्या मराठी घरातली पोर, तोंडात निम्मी क्रेओल बोली. गावातल्या बायका तिला मामझेल म्हणायच्या. जमुना कामिनीला घेऊन गेली. पोर दर वीस पावलांवर उभी राहून धापा टाकत होती. ओठ तांदळाच्या पिठासारखे पांढरे.

नर्सनं कामिनीचं बोट टोचलं, रक्ताचा थेंब टीपकागदावर घेतला आणि पुठ्ठ्यावरच्या तांबड्या चौकोनांशी लावून बघितला. फिकटपासून गडदपर्यंत दहा चौकोन होते. थेंब चौथ्याशी जुळला, म्हणजे शंभरात चाळीस.

"आयो," ती म्हणाली. "गेल्या महिन्यात चाळीस, आजही चाळीस. नव्वद गोळ्या दिल्या होत्या, दिवसाला तीन. खातेस ना?"

कामिनी जमिनीकडे बघत राहिली.

"दोन महिने राहिलेत. एवढ्याशा रक्तावर बाळंत झालीस तर मला काही करता येणार नाही. समजतंय?"

जमुना पुढं सरकली. तिनं पदर तोंडाशी धरला आणि सगळं सांगून टाकलं. काळा परसाकडचा, चौघांचा, लोंगानिस, खणलेला गोठा. "कुनीतरी आमच्या घराचा रगत खातोय, मामझेल."

नर्स आधी हसली. मोकळी हसली, खुर्ची करकरली. "अहो मावशी, गोळ्यांनी होतं तसं. लोखंड आहे त्यात. काळंच व्हायचं ते." मग तिचं हसू थांबलं. "थांबा. चौघांचा म्हणालात?"

"व्हय."

"गोळ्या घरात कोण कोण खातं?"

आता जमुना सरळ बसली. वाटणीबद्दल कुणी विचारलं की तिला अजूनही बरं वाटायचं. "सकाळची एक चंद्रमोहनला. तो ऊस तोडतो. दुपारची ह्यांना, खोकल्यानं पार वाळलेत. रातची अडकित्त्यानं कातरते. अर्धी कामिनीला, पाव लहानीला. पाव उरते ती दुसऱ्या दिशी चंद्रमोहनला जास्तीची. एक कपची वाया घालवली नाय, मामझेल."

नर्सनं कपाळावर हात मारला नाही की आवाज चढवला नाही. ती खुर्ची ओढून जमुनाच्या समोर येऊन बसली.

"लहानीला उलटी? पोटात कळ?"

"नाय."

"देव पावला म्हणायचं. मूठभर खाल्ल्या असत्या तर पोर हातची गेली असती. गोळ्यांची बाटली उंच ठेवा. तिला पाव पण नाही, पावाचा पाव पण नाही. आणि तुम्ही स्वतः किती खाल्ल्या?"

"मी?" जमुनाला प्रश्नच कळला नाही. "मी कशाला? माजा काय हाय आता."

विद्यावतीनं तिच्याकडे बघितलं, मग तिच्या पापणीची खालची कड ओढून आत बघितलं आणि काहीतरी वहीत लिहिलं. म्हणाली, "मावशी, मिलमध्ये ऊस कशानं जातो?"

"गाड्यांनी."

"गाड्या नसल्या तर?"

"शेतात पडून वाळतो. तोडून काय उपेग."

"सा मेम. तेच. खाल्लेलं अन्न म्हणजे ऊस. त्याची ताकद व्हायला आत भट्टी पेटावी लागते, आणि भट्टीला हवा लागते. ती हवा अंगभर वाहून नेणाऱ्या गाड्या म्हणजे रक्त. आणि त्या गाड्यांची चाकं लोखंडाची. हिच्या गाड्यांना चाकं नाहीत. भात खाईल पोटभर, तरी वीस पावलांत दम लागतो, तो याच्यामुळे. चंद्रमोहनच्या गाड्या धडधाकट आहेत. तुम्ही त्याला चाकं दिलीत, ती काळी होऊन संडासात गेली."

कामिनीला हसू फुटलं, तिनं ते पदरात दाबलं.

"आणि पोटातलं पोर?" जमुनानं विचारलं.

"पोर आधी घेतं. आईकडे असो नसो, ते आपला वाटा ओढून घेतंच. उरलं तर आईला."

म्हणजे आतसुद्धा आई शेवटीच जेवते. हे जमुनाच्या मनात आलं. नर्स पुढं सांगत होती, शेगटाचा, म्हणजे शेवग्याचा पाला, मसूर, मासळी, गोळी चहाबरोबर नको, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्या, भाताची पेज ओतून देऊ नका. "कुठं ओतता पेज?"

"गाईला."

"गाय गुबगुबीत असेल तुमची."

"लई," जमुना म्हणाली, पण तिचं लक्ष तिथं नव्हतं. ती त्या पुठ्ठ्यावरच्या तांबड्या चौकोनांकडे बघत होती. पहिला चौकोन जवळजवळ पांढराच होता.

"मामझेल, एक विचारू? एक पोरगी असली. एकोनीस वर्सांची. पांढरी पडलेली. नखं अशी वाकलेली, पळीसारी. भिंतीचा चुना चाटायची, कच्चे तांदूळ खायची चोरून. आमी मारायचो. मंग बाळंत झाली. रगत फार नाय गेला, तांब्याभर बी नाय. पन तेवढ्यानंच गेली. हे तेच काय?"

नर्सनं वही मिटली. "कोण होती?"

"इंद्रानी. माजी थोरली. माहेरी आली हुती बाळंतपनाला. लढाई सुरू झाली त्या साली."

कामिनीला या घरात येऊन आठ वर्षं झाली होती. इंद्राणीचं नाव तिनं सासूच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

"तेच असणार," विद्यावती म्हणाली. खोटं बोलायला तिला जमत नसे. मग घाईनं म्हणाली, "पण तेव्हा या गोळ्या इथं मिळत नव्हत्या, मावशी. तुम्ही काय करणार होतात?"

जमुना उठली. लुगड्याचा घोळ नीट केला.

"गोळ्या नव्हत्या गो," ती म्हणाली. "मासळी हुती."

घरी जाताना दोघी उसाच्या कडेकडेनं चालल्या. कामिनी थांबली की जमुना थांबे. एकदा कामिनी म्हणाली, "आये, मलाच सांगायला पायजे हुता. मामझेलनं मलाच तीन सांगितल्या हुत्या." जमुना म्हणाली, "तू कशी सांगनार. माज्या हातातली पळी कुनी धरली हाय आजपर्यंत?"

दुसऱ्या दिवशी तिनं पेज काढलीच नाही, भात पाण्यातच मुरवला. शेगटाचा पाला मसुरीत घातला. मासा तळला. पुरुष यायच्या आधी ताट मांडलं आणि मधला तुकडा त्यावर ठेवला.

"बस."

"बाबा बसले नाय अजून. ते पन बसायचे हाईत. मला घास नाय उतरनार, आये."

"उतरंल. मी हाय ना."

ती बाहेर आली आणि दाराच्या उंबऱ्यावर बसली. एक पाय या चौकटीला, पाठ त्या चौकटीला. सीताराम हातपाय धुऊन आला. "वाड."

"थांबा."

"कशाला?"

"घरातली जेवतेय."

"आमच्या आधी? असा आमच्या घरात कवा..."

"इंद्रानी बी आमच्याच घरात जेवत हुती," जमुना म्हणाली.

सीताराम अंगणातल्या दगडावर जाऊन बसला. एवढ्यात चंद्रमोहन आला. खांद्यापर्यंत उसाच्या पात्यांनी चिरलेले हात, पाण्याच्या पिंपाशी धुतले, ओलेच झटकत आला. "आये, भुकेनं जीव चाललाय. पाटेपास्नं तोडतोय."

"तू ऊस तोडतोस. ती रगत बनवतेय, तुज्या पोराचा. तुजा काम जड हाय, म्हाईत हाय मला. तरी थांब."

चंद्रमोहननं बापाकडे बघितलं. बाप जमिनीकडे बघत होता. चंद्रमोहन त्याच्या शेजारी टेकला.

आतून पत्र्याच्या ताटावर बोटांचा आवाज येत होता. मग तो थांबला.

जमुना मागं वळली नाही. "मदला तुकडा कुनासाठी ठेवायचा नाय," ती आत ऐकू जाईल असं म्हणाली. "काटे तेवढे ठेव."

थोड्या वेळानं आवाज पुन्हा सुरू झाला, सावकाश. दोघा पुरुषांचे धुतलेले हात उन्हात वाळून गेले. जमुना उंबऱ्यावरून हलली नाही.