कावळा आणि काच

एचएसआर लेआउटमधल्या गच्चीवर बाबांच्या वर्षश्राद्धाचं पान ठेवलं होतं, आणि कावळा शिवल्याशिवाय महानंदाबाई पाण्याचा घोटही घेणार नव्हत्या. मुलगा आशय सिंगापुरात अडकलेला, म्हणून त्याला व्हिडिओ कॉलवर घेतलं होतं. पण भर दुपारी साध्या फोनवर त्याच्याऐवजी त्यांना स्वतःचाच चेहरा दिसत होता.

मुलगी कस्तुरी मात्र तयारीत होती. बेळ्ळंदूरच्या तिच्या कंपनीत उन्हात दिसणारे स्क्रीन बनवत. चाचणीतला एक टॅब ती घरी घेऊन आली होती. उन्हाशी भांडायचं नाही, तेच परतवून चित्र उजळायचं, ही त्याची युक्ती. तिने तो पानाशेजारी कठड्याला टेकवून सूर्याकडे तोंड करून ठेवला.

“दिसला गं! पण असा राखेत लोळल्यासारखा का?”

“रंग फिकेच येतात, आई. सावलीत नेलास तर तेवढाही दिसायचा नाही.”

कावळे आले, टाकीवर ओळीने बसले. खाली मात्र एकही उतरेना.

“अहो, तुमची पुस्तकं रद्दीत देणार नाही,” आईने हात जोडले. कावळे ढिम्म.

“बाबा, मी सिगारेट सोडतो,” आशय म्हणाला.

आई गर्रकन वळली. “तू ओढतोस?”

कस्तुरीला हसू आवरेना. तेवढ्यात तिला टाकीवर थरथरणारा कवडसा दिसला. टॅबची काच ऊन थेट कावळ्यांच्या डोळ्यांत फेकत होती! आशय दिसायला हवा तर कावळा यायचा नाही, आणि कावळा हवा तर टॅब झाकायचा, म्हणजे आशयला काहीच दिसायचं नाही. आईचे सुकलेले ओठ पाहून तिने टॅब पालथा घातला.

“ताई, अंधार झाला!”

“स्वल्प गप्प बस रे,” आई म्हणाली. कानडी भाजीवाल्याकडून उचललेला हा ‘जरा’साठीचा शब्द ती आताशा कुठेही वापरी.

एक कावळा उतरला. मान वाकडी करून त्याने सगळं पान न्याहाळलं आणि नेमका वडा उचलून उडाला. बाबांनीही आधी वड्यालाच हात घातला असता.

“शिवला!” आईने पुन्हा हात जोडले. “तुझं सिगारेटचं ऐकलं बघ त्यांनी.”

कस्तुरीने टॅब उचलला. काचेचं कारण अगदी जिभेवर आलं होतं.

“खरंच, ताई?”

“खरंच. मी बघितलं ना. आता शब्द पाळ.”

आई जिना उतरता उतरता ओरडली, “चल गं, मला सपाटून भूक लागलीय!”