तोंडापाशी थांबलेला चमचा

आजारपणात आमच्या ह्यांचा उजवा हात गेला, डावा थरथरायला लागला, ताठा मात्र जागच्या जागी. मी भरवायला गेले की तोंड मिटून भिंतीकडे बघत बसायचे. दिवसेंदिवस गळ्याची हाडं वर यायला लागली, तेव्हा धाकट्या सुनेने चमचा उचलणारा लाकडी हात करायला घेतला. माझं स्वयंपाकघरातलं टेबल वायरींनी भरलं आणि मी मांडीवर ताट घेऊन भाजी चिरू लागले.

"आई, ह्या मोटरला चिपकडून छोटे छोटे इशारे जातात. इशारा किती वेळ टिकला त्यावर हात किती वळायचा ते ठरतं. जरा लांबवला की वर, आखडला की खाली."

"बरंय. तुझ्या नवऱ्याला इशारा पोचतच नाही."

पहिल्यांदा चमचा ह्यांच्या चष्म्यावर आपटला. मग हनुवटीला लागला. केसाएवढा फरक, पण तेवढ्यासाठी दिवस गेले. शेवटी ओठांपाशी आला, तर हे तोंड उघडेपर्यंत परत खाली.

"त्याला थांबायला शिकव," मी म्हटलं. "माणूस आहे, पत्रपेटी नाही."

तिने कॉम्प्युटरवर थांबायचं लिहून टाकलं. दुपारी ह्यांना सुपाच्या वाटीपुढे बसवलं. हात वर आला, ओठांपाशी थांबला. हे पुढे वाकले आणि हाताने मान टाकली. सगळं सूप सदऱ्यावर. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

"यंत्रालासुद्धा माझा कंटाळा आला," हे म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "एवढी शिकलीस ती काय सांडायला?"

तिने स्क्रीनवर लिहिलेलं पुन्हा वाचून काढलं. मग म्हणाली, "थांब म्हटल्यावर चिपच थांबली, आई. इशारे बंद पडले. इशारा आला नाही की मोटर हात सोडून देते. एका जागी धरून ठेवायचं तरी तोच इशारा सतत देत राहावा लागतो."

"हे आता कळतंय?"

"तुम्हीच म्हणालात, थांबव."

"थांबव म्हटलं. झोपव नव्हतं म्हटलं."

तिने ओठ चावत सगळं पुन्हा लिहिलं. संध्याकाळी हे वळायलाच तयार नाहीत. मी मनधरणी केली नाही. त्यांच्या पाठीमागे सुपाची वाटी ठेवली आणि यंत्राचं बटण दाबलं. हात वर गेला आणि कुणाचंच तोंड नव्हतं तिथे चमचा धरून उभा राहिला. बारीक गुणगुणत होता, पण पडला नाही. खाली गेला. परत वर.

बऱ्याच वेळाने भिंतीकडून आवाज आला, "कुणासाठी थांबतंय ते?"

"विचारा त्यालाच. मी काही थांबलेली नाही."

हे वळले. चमच्याकडे रागाने बघितलं, मग माझ्याकडे. मी खिडकीबाहेर बघू लागले.

घोट गेल्याचा आवाज आला. मग दुसरा.

"मीठ कमी आहे."

इतक्या दिवसांच्या उपद्व्यापानंतर पोटात दोन घोट गेले, त्यावरचं पहिलं वाक्य हे. तोंडावर आलेलं उत्तर मी गिळलं आणि मीठ आणायला उठले.