सुगंधाची मोरी

महिपत शिगवणने दार उघडलं आणि पहिल्यांदा त्याला वाटलं, चोरी झाली.

हॉलमध्ये पांढऱ्या धुळीचे पाय उमटले होते. दारातून आत, आतून दाराकडे. चपलांचे, बुटांचे, एक तर अनवाणी. तो बॅग हातात धरूनच उभा राहिला. सुगंधाचं वर्षश्राद्ध उरकून तो दापोलीजवळच्या गावाहून रातोरात आला होता. काशीमीऱ्याला बसमधून उतरला आणि रिक्षाने थेट केबिन रोडमागच्या आपल्या इमारतीत. डोळ्यांवर झोप होती, ती उडाली.

आधी तो कपाटाकडे धावला. कुलूप जागच्या जागी होतं, तरी उघडून पाहिलं. सुगंधाचं मंगळसूत्र, बांगड्या, बँकेची कागदं, सगळं होतं. सिलिंडर होता. टीव्ही होता, उलट त्यावर कुणीतरी जुनी चादर टाकली होती, धूळ बसू नये म्हणून. हा कसला चोर, असं त्याच्या मनात आलं. तरी देवाने राखलं म्हणून त्याला हायसं वाटलं. त्याने प्रवासाचा सदरा काढला, टॉवेल खांद्यावर टाकला आणि अंघोळ करावी म्हणून बाथरूमचं सरकतं दार लोटलं.

आत बाथरूम नव्हतं.

विटा दिसणाऱ्या भिंती होत्या. खाली उघडा स्लॅब होता. नळांच्या जागी पाइपांची तोंडं होती आणि त्यांत चिंध्या कोंबलेल्या होत्या. महिपतने दार परत ओढून घेतलं. थोडा वेळ तो बंद दाराकडे बघत राहिला. मग पुन्हा लोटलं. तेच होतं.

ही मोरी सुगंधाची होती. घर दोघांचं, पण मोरी तिची एकटीची. पाठीच्या मणक्यात आजार शिरला आणि तिच्या पायांतलं बळ गेलं, तेव्हा महिपत म्हणाला होता, मी घालीन तुला अंघोळ. ती म्हणाली, "तुम्ही सगळं करा, पण माझी अंघोळ माझी मला करू द्या." बिल्डरने दिलेली जुनी मोरी अंधारी, दाराला वीतभर उंबरा, लादी शेवाळल्यासारखी निसरडी. ती तोडायची ठरली. महिपतला वाटलं, दवाखान्यात असतात तसे स्टीलचे दांडे लावले आणि एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली की झालं. सुगंधा भडकली. "मी आजारी आहे, मोरी आजारी नाही. मला हॉटेलात असते तशी देखणी पाहिजे."

आणि तिने तशी करून घेतली. काशीमीऱ्याच्या लाद्यांच्या दुकानात ती प्लास्टिकच्या खुर्चीत ठाण मांडून बसली आणि तिने दुकानातल्या पोरांना दमवलं. भिंतीला मोरपंखी लादी, खाली खरबरीत राखाडी. उंबरा काढून टाकला, पाणी बाहेर येऊ नये म्हणून उतार आतल्या भिंतीकडे दिला. बसायला भिंतीतूनच काढलेला कट्टा, त्यालाही मोरपंखी लादी, कडा गोल केलेल्या. धरायचे दांडे पितळी रंगाचे. बघणाऱ्याला वाटावं टॉवेल टांगायचे आहेत, पण माणसाचं सगळं वजन पेलतील असे. कट्ट्यावर बसून हात वर केला की साबण, तेल, शिकेकाई मिळेल असा कोनाडा. त्यात पिवळा दिवा. शेजारणी बघायला येत. सुगंधा दारात व्हीलचेअरवर बसून एकेक वस्तू दाखवायची आणि शेवटी म्हणायची, "आमचे हे स्टीलचे दांडे लावत होते."

तिथे ती स्वतःच्या हाताने अंघोळ करायची. आत पाणी पडायचं आणि महिपत बाहेर स्टुलावर पेपर धरून बसायचा. पेपर वाचायचा नाही, नुसतं पाणी ऐकायचा. ती गेल्यावरही सकाळी बाथरूमचा नळ सोडून तो घटकाभर त्या स्टुलावर बसत असे. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. मूलबाळ नव्हतं, सांगणार कुणाला.

आता आत पाणी नव्हतं. फक्त सिमेंटचा वास होता.

तेवढ्यात बाहेर जिन्यासमोर आरडाओरडा सुरू झाला.

"दो दिन से क्या कर रहे हो तुम लोग? एक लादी नहीं तोडी! मैं पार्टी को क्या बोलूं?"

महिपत तसाच, बनियनवर, खांद्यावर टॉवेल, दारात आला. समोरच्या अमोल पाटलाच्या फ्लॅटचं दार सताड उघडं होतं. आत धर्मेश ठेकेदार मजुरांवर तोंड सोडत होता. अमोल बाजूला उभा होता. अमोलच्या घरी बाथरूमचं काम निघणार आहे हे महिपतला माहीत होतं. धूळ नको म्हणून ती सगळी मंडळी नवघरला अमोलच्या बहिणीकडे राहायला जाणार होती.

मजुरांतला मोठा म्हणाला, "सेठ, तोडा ना. सब तोडा. माल भी गाडी में गया."

"कहां तोडा? ये क्या है फिर? माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू झालाय काय?"

मजुराने आत डोकावून पाहिलं. अमोलच्या बाथरूमची गुलाबी लादी झळाळत होती. त्याने मागे वळून समोरच्या दाराकडे पाहिलं. तिथे महिपत उभा होता. मजुराचा चेहरा पांढराफटक पडला.

"नाही," अमोल म्हणाला. "नाही, नाही, नाही."

तो महिपतला बाजूला सारून आत शिरला आणि बाथरूमच्या दारात जाऊन थांबला. मागून धर्मेश आला. आत डोकावून तो म्हणाला, "बापरे."

मग झालं कसं, ते एकेक करून बाहेर आलं. महिपत गावी जाताना नेहमीप्रमाणे तुळशीला पाणी घालायला एक किल्ली समोर पाटलांकडे देऊन गेला होता. पाटील मंडळीही निघाली तेव्हा अमोलच्या बायकोने, संजनाने, दोन्ही किल्ल्या एकाच कडीत अडकवून वॉचमनकडे दिल्या. धर्मेशने मजुरांना फोनवर सांगितलं, चौथा माळा, डाव्या हाताचा दरवाजा.

"बरोबर सांगितलं मी! लिफ्टमधून निघालं की डावा हात म्हणजे अमोलभाईच ना?"

"सेठ, लिफ्ट तो हमको मना है," मजूर म्हणाला. "नीचे बोर्ड लगा है. हम सीढी से आया. सीढी से बायां तो ये हुआ."

लिफ्ट एका अंगाला, जिना दुसऱ्या अंगाला, समोरासमोर. एकाचं डावं ते दुसऱ्याचं उजवं. धर्मेशने कपाळावर हात मारला. "कुठल्या शहाण्याने लावला तो बोर्ड?"

"मीच," अमोल म्हणाला. तो सोसायटीचा सेक्रेटरी होता. "सिमेंटच्या गोण्यांनी लिफ्ट खराब होते म्हणून."

महिपतने मजुराला विचारलं, "कपाट होतं, टीव्ही होता. माणसांचं घर दिसलं नाही तुम्हाला?"

मजूर खाली बघत म्हणाला, "चाचा, हमको लगा सामान हटाके रखा है. बाथरूम में एक ही ब्रश था. एक ही तौलिया. हम समझा घर खाली किया है."

महिपत जवळच्या खुर्चीत बसला.

अमोल त्याच्यापुढे उकिडवा बसला. "काका, चूक आमची. तुम्हाला एक पैसा लावू देणार नाही. नवं बाथरूम करून देतो, एकदम फर्स्ट क्लास. संजनाकडे डिझाइनं आहेत, बघा तरी. भिंतीतून निघणारा कमोड, खाली झाडू फिरतो. काळे मॅट नळ, काचेचं पार्टिशन…"

"जसं होतं तसं पाहिजे," महिपत म्हणाला.

"अजून चांगलं देतो की."

"चांगलं नको. तसंच पाहिजे. तीच लादी, तोच कट्टा, तेच दांडे."

अमोलने धर्मेशकडे पाहिलं. धर्मेशने मोरपंखी लादीचा एक टवका उचलून खिडकीत धरला. सुपारीएवढा होता. "काका, ही लाइन बंद झाली. मोरबीच्या कारखान्यातून येणंच थांबलं. याच्या जवळचा रंग मिळेल, पण हाच म्हणाल तर खोटं कशाला बोलू?"

"मग तोडलेल्यातल्या शाबूत असतील त्या काढून द्या. गोण्या कुठेत?"

"गाडी कालच गेली, काका."

"कुठे गेली?"

"भरावाला, खड्डा बुजवायला. आता त्यावर दहा गाड्या पडल्या असतील."

महिपतने मान हलवली, जणू कुणी त्याला दुसऱ्याच कुणाची बातमी सांगत होतं. वर्षापूर्वी डॉक्टर बोलले तेव्हाही त्याने अशीच मान हलवली होती. रडू आलं नव्हतं. आताही येईना. कानात फक्त शिट्टीसारखा आवाज भरला होता.

अर्ध्या तासाने लिफ्टचं दार वाजलं आणि अमोलची आई, गोदूबाई, संजनाचा हात धरून आली. मिठागरं होती तेव्हाची बाई, पाऊणशे वर्षांची, गुडघे गेलेले, पण आवाज अजून बांधावरचा. अमोलने फोनवर काय ते सांगितलं असावं. ती कुणाकडे न बघता लंगडत आत गेली आणि विटांच्या भिंती पाहून तिने गळाच काढला.

"माज्या सुगंधाची मोरी फोरली रं मेल्यांनो! हात कसं चाललं तुमचं?"

"आई, चुकून झालं," अमोल म्हणाला.

"चुकून? चुकून मीठ जास्ती परतं. आख्खी मोरी न्हाय फुटत." ती मुलावर उलटली. "तुला सांगत व्हते ना, मला ती काली काच न्हाय पायजे. मला सुगंधासारखी करून दे. तिथं मी बसून नाहले हाय. महिपत डूटीवर गेला का सुगंधा हाक मारायची, ये गोदूबाय, पाय मोकले कर. तू ऐकलं न्हाय. बायकोच्या मोबाइलात बगून पास केलंस."

संजना ओशाळली. "आई, काळं चांगलं दिसतं म्हणून…"

"दिसतं! त्याच्यावरून घसरून परले का मी पन चांगली दिसन."

एरवी कुणी हसलं असतं. महिपत मात्र गोदूबाईकडे बघत राहिला. सुगंधाने दुसऱ्या बाईला तिथे बसवलं होतं, हे त्याला माहीतच नव्हतं. तिचं आणखी काही कळू शकेल असं त्याला वाटलं नव्हतं.

तो उठला. "धर्मेशभाई, लादी जवळच्या रंगाची आणा. पण मापं तीच. कट्टा, दांडे, कोनाडा. एक बोटही इकडेतिकडे नको."

धर्मेशने आपल्या कडियाला, म्हणजे गवंड्याला, पुढे बोलावलं. कडिया पेन्सिल कानामागून काढून विटांच्या भिंतीपाशी गेला. "बोलो चाचा. ताक कितना ऊपर था? वो साबुनवाला."

महिपतने हात उचलला. इथे. की इथे? रोज साबण उचलायचा त्या कोनाड्यातून. पण तो उभा राहून उचलायचा, न बघता. हात हवेत वर गेला, खाली आला. समोर कुठेच काही नव्हतं ज्यावरून उंची धरावी.

"मोजलं नव्हतं," तो म्हणाला. "तिला बसवून केलं होतं. तिचा हात पोचला तिथे खूण केली होती."

"किधर तक पोचता था?"

"वर जायचा." त्याने पुन्हा हात उचलला. त्याला सुगंधाचा चेहरा दिसत होता, आवाज आठवत होता, हातातल्या हिरव्या बांगड्याही. पण बसल्यावर तिचा हात कुठवर पोचायचा, ते येईना. वर्षभर रोज तिलाच आठवत होतो, आणि एवढं कसं गेलं? मोरी फुटलेली पाहिली तेव्हाही एवढं गेल्यासारखं वाटलं नव्हतं.

"मी बसते," गोदूबाई म्हणाली. संजनाने स्टूल आणलं. गोदूबाई विटांना पाठ लावून बसली आणि तिने हात वर केला. कडियाने पेन्सिल टेकवली.

"इथे नाही," महिपत म्हणाला. "ती उंच होती."

"कितनी?"

महिपतने तळहात विटांवरून वरखाली फिरवला.

कडियाने पेन्सिल खाली केली. तो काही वाईट बोलणारा माणूस नव्हता. रोजच्या कामातलंच त्याने विचारलं, "चाचा, नहाएगा कौन इसमें? जो नहाएगा उसका नाप दो ना."

संजनाने पदर तोंडाला लावला. अमोल कडियावर ओरडणार होता, पण गोदूबाईने त्याच्याकडे डोळे वटारले.

महिपतच्या तोंडात शब्द तयार होता, सुगंधा. तो ओठांपर्यंत आला आणि तिथेच अडला. एवढ्या सगळ्यांसमोर, उजेडात, तो म्हणता येत नव्हता. श्राद्धाच्या पानासमोर बसून जे आत शिरलं नव्हतं, ते आता शिरलं. इथे ती नहायची नव्हती. मोरपंखी लादी शाबूत असती तरी नहायची नव्हती.

"मी," तो म्हणाला. आपलाच आवाज त्याला ओळखू आला नाही.

"मग बस," गोदूबाई स्टुलावरून उठत म्हणाली. "माज्या हाताची खून माज्या मोरीत कर रं, कडिया. समोर. हितं ह्याची."

महिपत बसला. पाठीला विटा टोचल्या. त्याने उजवा हात वर केला. गोदूबाईच्या खुणेपेक्षा बराच वर गेला तो. कडियाने त्याच्या बोटांशी पेन्सिल टेकवून आडवी रेघ ओढली आणि म्हणाला, "हां. अब पकडने का डंडा. दूसरा हाथ बाजू में करो."

महिपतने दुसरा हात बाजूला केला. पहिला खाली घ्यायचा त्याला सुचलं नाही. तो तसाच वर होता आणि आता तो रडत होता.