एकशेचौदावं चित्र

दोन हजार चार सालची गोष्ट. धारवाडच्या मळमड्डीत राहणारी दीपश्री हुबळीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात एम.टेक. करत होती. हृदयाच्या सोनोग्राफीची चित्रं न्यूरल नेटवर्कला दाखवायची आणि हृदय धड आहे की थकलेलं, हे संगणकाला ओळखायला शिकवायचं, हा तिचा प्रकल्प. चित्रं आणि त्यांचे रिपोर्ट डॉक्टर सुधींद्रांनी आपल्या दवाखान्यातून दिले होते.

बाकीची चित्रं जुळली. एकशेचौदावं काही केल्या जुळेना. रिपोर्ट म्हणे ‘नॉर्मल’, नेटवर्क म्हणे आजारी. तीन दिवस दीपश्री आपल्याच प्रोग्रॅममधली चूक हुडकत बसली. चौथ्या दिवशी तिने चित्राच्या कोपऱ्यातला बारीक नंबर वाचला. रिपोर्टवरचा नंबर निराळा होता, तिला न मिळालेल्या दुसऱ्याच एका बाईच्या चित्राचा.

ती तडक दवाखान्यात गेली.

“सर, दोन बायकांचे रिपोर्ट अदलाबदल झालेत.”

“माझ्या दवाखान्यात? तुझ्या त्या खेळण्यानं सांगितलं काय?” डॉक्टर भडकले. “बाहेर पेशंट खोळंबलेत. जा तू.”

“त्याचं नका ऐकू. नंबर तरी बघा.” ती जागची हलली नाही; चित्र आणि रिपोर्ट तिने त्यांच्यापुढे सरकवला.

डॉक्टरांनी चष्मा लावला. दोन्ही नंबर ताडून पाहिले. मग रजिस्टर काढलं. चित्र होतं संगीताचं. अळनावरजवळच्या खेड्यातली, सात महिन्यांची गरोदर. ‘काही नाही, घरी जा’ म्हणून तीन आठवड्यांपूर्वी त्यांनीच तिला पाठवलं होतं.

तिच्याकडे फोन नव्हता. पेशंटना तसंच बसवून डॉक्टरांनी गाडी काढली. दीपश्री शेजारी बसली, आणि धारवाड मागे पडलं.

संगीता भिंतीला टेकून बसली होती. पाय सुजलेले, दम लागलेला. नवरा, अप्पाजी, पुढे आला.

“चार दिस झाले, आडवं पडाया येत न्हाई तिला. तुम्हीच म्हणलासा न्हवं, काय न्हाई म्हणून?”

“चुकलं माझं,” डॉक्टर म्हणाले. “आधी उचला तिला.”

परतीच्या वाटेवर संगीताचं डोकं दीपश्रीच्या खांद्यावर होतं. कलघटगीच्या फाट्यापाशी तिचा श्वास अडखळला, तेव्हा दीपश्रीने नकळत स्वतःचाही रोखून धरला.

संगीता वाचली. महिन्याभराने मुलगी झाली, अगदी मूठभर, पण रडली मोठ्यांदा. त्याआधीच, दुसऱ्याच दिवशी, जिचा रिपोर्ट संगीताशी बदलला होता त्या शेवंता नावाच्या बाईच्या घरी जाऊन डॉक्टरांनी तिची नको ती औषधं बंद केली होती.

मग एका दुपारी ते स्वतः कॉलेजात आले. टेबलावर जुन्या चित्रांचे आणि रिपोर्टांचे दोन गठ्ठे ठेवले.

“हेही तपास,” म्हणाले, आणि खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले.